सीमेवरच्या रेल्वेला कोणी वाली आहे का?

प्रति,
मा. अपोस्तोलोस त्झित्झिकोस्तास, वाहतूक आयुक्त, युरोपीय आयोग, ब्रुसेल्स
आणि युरोपीय संघातील रेल्वे असलेल्या २५ देशांचे वाहतूकमंत्री

विषय : देशाची सीमा ओलांडणाऱ्या गाड्यांची जबाबदारी निश्चित करण्याबाबत

स. न. वि. वि.

संघात देश २७ आहेत, पण सायप्रस आणि माल्टात रेल्वे नाही, म्हणून हे पत्र उरलेल्या २५ मंत्र्यांना. मी म्युनिकमध्ये राहते आणि कंटेनरच्या मालगाड्यांचे मार्ग आखण्याचे काम करते. माझे लहानपण इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेले, वडील इंजिन ड्रायव्हर होते. इथे मी कर भरते, पण मला मतदानाचा हक्क नाही. त्यामुळे माझे म्हणणे तुमच्या कानावर घालायला पत्राखेरीज दुसरा मार्ग नाही. युरोपात ठिकठिकाणी राहणारी आणि सुट्टीत आईवडिलांना बोलावून रेल्वेने फिरवणारी मराठी मंडळी हे वाचतील, म्हणून पत्र मराठीत लिहिले आहे. जर्मन प्रत सोबत जोडली आहे.

सगळ्या खंडाची मिळून एक रेल्वे व्हावी, या दिशेने तुमच्या संघाने १९९१ साली पहिला निर्देश काढला. त्यानंतर कायद्यांची चार पॅकेजेस झाली, फ्रान्समधल्या व्हॅलेन्सिएनला रेल्वेसाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली, २०२१ हे वर्ष रेल्वेचे वर्ष म्हणून साजरे झाले. तरीही युरोपातला रेल्वेप्रवासी जितके किलोमीटर गाडीत बसतो, त्यातले जेमतेम ७ टक्के सीमा ओलांडणाऱ्या प्रवासाचे असतात. लोकांना दुसऱ्या देशात जायचे नसते असे थोडेच आहे? विमानतळावर जाऊन पाहा. रूळ सीमेपलीकडे गेलेले आहेत, गाड्याही जातात, पण सीमेपाशी आले की त्या गाडीला, त्या मार्गाला आणि त्या प्रवाशाला कोणी वाली उरत नाही. एवढेच सांगायला मी हे पत्र लिहिते आहे.

तिकिटापासून सुरुवात करते, कारण सामान्य माणसाचे घोडे पहिल्यांदा तिथेच अडते.

म्युनिकहून लिस्बनचे विमानाचे तिकीट मोबाइलवर बसल्या जागी निघते. तोच प्रवास रेल्वेने करायचा तर फ्रान्सचे तिकीट एकीकडे, स्पेनचे दुसरीकडे, पोर्तुगालचे तिसरीकडे. एका कंपनीचे आरक्षण सहा महिने आधी उघडते, दुसरीचे तीन. पहिल्या टप्प्याचे स्वस्त तिकीट हाती असते तेव्हा दुसऱ्या टप्प्याच्या गाडीची वेळसुद्धा जाहीर झालेली नसते. आणि लिस्बन-माद्रिद हा शेवटचा टप्पा तर विचारूच नका. दोन शेजारी देशांच्या या राजधान्या. दोघींमध्ये रात्रीची थेट गाडी होती, ती मार्च २०२० मध्ये थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही. आज मध्ये गाड्या बदलत बदलत जावे लागते आणि दिवस प्रवासातच जातो.

तिकिटे वेगवेगळी असली तरी एक वेळ चालेल. खरा फटका बसतो तो गाडी चुकल्यावर. माझे आईवडील इकडे आले होते तेव्हा त्यांच्या प्रवासाची दोन तिकिटे मीच काढून दिली होती, दोन देशांतल्या दोन कंपन्यांची, मध्ये पाऊण तासाचे अंतर ठेवून. पहिली गाडी पन्नास मिनिटे उशिरा पोहोचली. सीमेवरच्या त्या मोठ्या स्टेशनात वडील खिडकीपाशी गेले. तिथल्या बाईंनी दोन्ही तिकिटे काचेखालून आत घेतली, एकावर बोट ठेवले आणि हे आमचे नाही, असे सांगून दोन्ही परत सरकवली. वडिलांनी मला फोन लावून तो त्या बाईंकडे दिला, मी त्यांच्याशी बोलले. त्या सभ्यपणे बोलत होत्या, नियमाप्रमाणेच बोलत होत्या. पहिल्या कंपनीकडे विचारले तर उत्तर मिळाले की उशीर साठ मिनिटांच्या आत आहे, भरपाई बसत नाही. दुसऱ्या कंपनीकडे विचारले तर त्यांचे म्हणणे, आमची गाडी वेळेवर सुटली, तुम्ही आला नाहीत. दोघांचेही कागदावर बरोबर. सत्तरी ओलांडलेली दोन माणसे मात्र चार बॅगा घेऊन फलाटावर, आणि नवे तिकीट त्या दिवशीच्या पूर्ण दराने.

वडील आयुष्यभर रेल्वेत होते. त्यांना राग आला नाही, आश्चर्य वाटले. गाडी लेट झाली तर ती रेल्वेने लेट केली, मग पुढच्या गाडीत बसवायचे काम कोणाचे, हा त्यांचा साधा प्रश्न होता. माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते, आणि तुमच्या कायद्यातही ते नाही. प्रवाशांच्या हक्कांचा २०२१ चा नियम ७ जून २०२३ पासून लागू झाला. एक तासाच्या उशिराला तिकिटाच्या २५ टक्के, दोन तासांना ५० टक्के भरपाई त्यात आहे, आणि सलग प्रवासाचे एकच तिकीट असेल तर संरक्षणही आहे. पण दोन तिकिटे स्वतंत्रपणे काढली की तो सलग प्रवास राहत नाही, ते दोन वेगळे करार होतात. सीमा ओलांडणाऱ्याला बहुतेक वेळा दुसरा पर्यायच नसतो. म्हणजे ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज, नेमका तोच बाहेर राहतो. काही कंपन्यांनी आपापसात ठरवून गाडी चुकलेल्या प्रवाशाला पुढच्या गाडीने जाऊ देण्याची सोय केली आहे, हे मला माहीत आहे. त्यासाठी आधीच्या गाडीतल्या किंवा स्टेशनातल्या माणसाकडून उशिराचा शिक्का घ्यावा लागतो. सगळ्या कंपन्या त्यात नाहीत, आणि ती सोय म्हणजे हक्क नव्हे, सौजन्य आहे. फलाटावर अडकलेल्या म्हाताऱ्या माणसाने सौजन्याच्या भरवशावर का राहावे?

आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन यांनी जुलै २०२४ मध्ये जाहीर आश्वासन दिले : कोणत्याही एका ठिकाणी, एकाच व्यवहारात, संपूर्ण प्रवासाचे तिकीट मिळेल आणि संपूर्ण प्रवासाला हक्काचे संरक्षण राहील. आयुक्त महोदय, त्या वाक्यातला दुसरा अर्धा भाग कृपा करून गळू देऊ नका. मोठ्या रेल्वे कंपन्या पहिल्या अर्ध्या भागावर, म्हणजे वेबसाइट कोणाची, माहिती कोणाला द्यायची, दलाली किती, यावर वर्षानुवर्षे चर्चा करत राहतील. वेबसाइट आज ना उद्या होईलच. कायद्यात यायला हवे ते एवढेच की, जुळणीसाठी, म्हणजे गाडी बदलायला, ठरलेला किमान वेळ हाताशी ठेवून प्रवास आखला असेल आणि रेल्वेच्या उशिरामुळे पुढची गाडी चुकली, तर पुढच्या गाडीत जागा देणे बंधनकारक राहील, तिकिटे किती आणि कोणाची हे न पाहता. खर्च कोणी कोणाला द्यायचा तो हिशेब कंपन्यांनी मागाहून आपापसात करावा. हे अशक्य नाही, कारण माल पाठवणाऱ्यांसाठी युरोपाने हे फार पूर्वी केले आहे. १८९० साली बर्नमध्ये करार झाला आणि अनेक देशांतून जाणाऱ्या मालासाठी एकच पावती, एकच जबाबदारी ठरली. पोत्याला जे १८९० मध्ये मिळाले ते माणसाला अजून मिळायचे आहे.

आता रुळांकडे वळते. हा माझ्या रोजच्या कामाचा भाग, त्यामुळे थोडे लांबेल.

युरोपात रेल्वे का अडते असे विचारले की लोक विजेकडे बोट दाखवतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये १५ हजार व्होल्ट, फ्रान्सच्या उत्तरेत, डेन्मार्क आणि हंगेरीत २५ हजार, इटली, पोलंड, बेल्जियममध्ये ३ हजारांचा डीसी, नेदरलँड्समध्ये दीड हजारांचा डीसी. आम्हा इगतपुरीकरांना याचे काही नवल नाही. मुंबईकडून दीड हजार व्होल्टची डीसी लाइन आमच्या गावापर्यंत यायची आणि पुढे भुसावळकडे २५ हजारांची एसी सुरू व्हायची. त्यामुळे प्रत्येक गाडीचे इंजिन इगतपुरीला बदलायचे. तेवढ्या वेळात चहा, वडे आणि पाण्याच्या बाटल्या भरून घेणे चालायचे. निम्मे गाव त्या थांब्यावर जगायचे. पुढे दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने आली, मग टप्प्याटप्प्याने मुंबईपर्यंत एसी प्रवाह आला आणि २०१६ मध्ये हार्बर लाइनवरचा शेवटचा डीसीही गेला. आता इगतपुरीला प्रवाहासाठी इंजिन बदलत नाही. तुमच्याकडेही वेगवेगळ्या प्रवाहांवर चालणारी इंजिने आहेत. स्विस रेल्वेने चार प्रकारच्या प्रवाहांवर चालणारी गाडी १९६१ मध्ये रुळांवर आणली होती. तेव्हा वीज हे कारण सांगून आता कोणी हात वर करू नयेत.

गाडी अडते ती इतर ठिकाणी, जिथे प्रवाशाची नजर जात नाही. ब्रेनर खिंडीतले स्टेशन साधारण १,३७० मीटर उंचीवर आहे. एका बाजूला ऑस्ट्रिया, दुसऱ्या बाजूला इटली. कामाच्या निमित्ताने मी तिथे गेले आहे. मालगाडी येऊन उभी राहते. ऑस्ट्रियाचा ड्रायव्हर उतरतो, इटलीचा चढतो. मग दिव्यांची बॅग घेऊन एक माणूस निघतो आणि गाडीच्या शेपटाकडे चालू लागतो. गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब, खडीवरून चालायचे, हिवाळ्यात बर्फातून. कशासाठी? काही देशांत मालगाडीच्या शेवटच्या वॅगनला मागे चकाकणाऱ्या पाट्या चालतात, काही देशांत लाल दिवेच लागतात. गाडी अखंड आली आहे, मध्ये तुटलेली नाही, हे कळण्यासाठी शेवटच्या डब्याला खूण असते. भारतात त्यासाठी एल.व्ही.ची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी आणि लाल दिवा असतो आणि तो काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच असतो. २०१९ च्या तुमच्या नियमावलीने मालवाहतुकीच्या मुख्य मार्गांवर पाट्या सर्वांनी मान्य कराव्यात अशी दिशा दिली, तीसुद्धा टप्प्याटप्प्याने. दोन पाट्यांवर एकमत व्हायला इतकी वर्षे लागत असतील, तर बाकीच्या शेकडो नियमांचे काय होणार?

त्यातला सर्वांत मोठा नियम सिग्नलचा. जर्मनीची गाडी थांबवण्याची यंत्रणा वेगळी, फ्रान्सची वेगळी, इटलीची वेगळी, डचांची वेगळी. प्रत्येक देशात जायचे तर इंजिनात त्या देशाचे उपकरण बसवायचे, त्याची परवानगी घ्यायची, ड्रायव्हरला ते शिकवायचे. या सगळ्यांच्या जागी एकच युरोपीय यंत्रणा आणायचे ठरून पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तुमच्याच लेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये मोजले तेव्हा मुख्य मार्गांपैकी फक्त ८ टक्क्यांवर ती बसली होती. लक्झेंबर्गसारख्या छोट्या देशाने सगळे जाळे तिच्याखाली आणले, मोठ्या देशांचे मात्र भिजत घोंगडे. कारण उघड आहे. जर्मनीने जर्मनीपुरते पाहिले तर जुनी यंत्रणा चालते आहे, फ्रान्सचेही तेच. नव्या यंत्रणेचा फायदा होतो तो दोघांच्या मधून जाणाऱ्या गाडीला, आणि ती गाडी कोणाच्याच हिशेबात नसते.

१२ ऑगस्ट २०१७ रोजी जे झाले ते आमच्या धंद्यातले कोणी विसरणार नाही. जर्मनीत राश्टाट गावाजवळ चालू मार्गाच्या खालून नवा बोगदा खणला जात होता. वरची माती आणि पाणी आत आले, रूळ खचले आणि जर्मनीतल्या कार्ल्सरूअहून स्वित्झर्लंडच्या बाझेलला जाणारा मार्ग बंद पडला, तो २ ऑक्टोबरला सुरू झाला. रॉटरडॅमपासून जेनोआपर्यंतच्या मालवाहतुकीचा हा कणा. दिवसाला दीडशे-दोनशे मालगाड्यांचा मार्ग. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यांत नकाशा समोर ठेवून बसायचो. ऱ्हाईन नदीच्या पलीकडे, फ्रान्सच्या अल्सास प्रांतात, स्ट्रासबुर्गहून बाझेलला जाणारा चांगला दुहेरी मार्ग नकाशावर दिसत होता. रूळ होते, वीज होती. पण फ्रेंच येणारे आणि तो मार्ग माहीत असलेले ड्रायव्हर पुरेसे नव्हते, फ्रान्समध्ये चालवायची परवानगी असलेली इंजिने पुरेशी नव्हती, आणि वळवलेल्या गाड्यांना वेळा कोणी द्यायच्या हे ठरवणारा एकही अधिकारी दोन्ही देशांत मिळून नव्हता. कंटेनर बंदरांवर साचले, गिऱ्हाइके ट्रककडे गेली, त्यातली काही परत आलीच नाहीत. मालवाहतूकदारांच्या संघटनांनी नंतर करून घेतलेल्या अभ्यासात नुकसानीचा अंदाज २ अब्ज युरोच्या वर निघाला.

ड्रायव्हरला त्या देशाची भाषा यावी ही अट चुकीची आहे, असे मी म्हणणार नाही. रात्री दोन वाजता सिग्नल बिघडतो, कंट्रोलरूम फोनवर सूचना देते, तेव्हा ‘थांब’ आणि ‘नीघ’ यांत गल्लत झाली तर माणसे मरतात. मी ड्रायव्हरच्या घरात वाढले आहे, मला ते कोणी समजावून सांगायला नको. पण त्या संभाषणात लागणारी वाक्ये शे-दोनशेच असतात आणि ती ठरलेली असतात. ती एकसारखी करून, क्रमांक देऊन, दोन्ही भाषांत समोरच्या पडद्यावर दाखवता येतात. युरोपच्या रेल्वे संघटनांनी यंत्राद्वारे भाषांतराचा असा प्रयोग करूनही पाहिला. त्याचा वापर निदान सीमेलगतच्या मार्गांवर आणि वळवलेल्या गाड्यांसाठी सुरू करायला कोणाचा विरोध आहे, ते तुम्ही शोधून काढा.

सीमेलगतचे मार्ग हा तर वेगळाच दुखरा विषय. प्रत्येक देशाची रेल्वे राजधानीतून बाहेर वाढत गेली. सीमेपर्यंत येईतो तिचा पैसाही संपतो आणि रसही. पलीकडच्या देशाचेही तसेच. त्यामुळे मधला तीस-चाळीस किलोमीटरचा तुकडा म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. आयोगानेच प्रकाशित केलेल्या पाहणीत सीमा ओलांडणाऱ्या ३६५ रेल्वेजोडण्या मोजल्या गेल्या, त्यांतल्या १४९ बंद होत्या. जर्मनीतले फ्राइबुर्ग आणि फ्रान्समधले कोलमार या दोन शहरांना जोडणारा ऱ्हाईनवरचा रेल्वेपूल ब्रायझाखला होता. दुसऱ्या महायुद्धात तो उडवला गेला. त्या जागी मोटारींचा पूल झाला, रेल्वेचा झाला नाही. जर्मनी आणि फ्रान्सची मैत्री होऊन किती वर्षे झाली ते तुम्हाला मी सांगायला नको. स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या पिरेनीज पर्वतात कान्फ्रांकचे भव्य आंतरराष्ट्रीय स्टेशन १९२८ मध्ये उघडले. मार्च १९७० मध्ये फ्रान्सच्या बाजूला मालगाडीच्या अपघातात एक पूल पडला आणि सीमा ओलांडणारा तो मार्ग जो बंद झाला तो आजतागायत बंदच आहे. स्टेशनाचे आता हॉटेल झाले आहे. जर्मनीतल्या वेनेर गावापाशी डिसेंबर २०१५ मध्ये एका मालवाहू जहाजाने रेल्वेच्या पुलाला धडक दिली. डच शहर ग्रोनिंगनकडे जाणारी गाडी त्या एका पुलावाचून दशकभर अडली. रुमानिया आणि बल्गेरिया यांच्यामध्ये डॅन्यूब शेकडो किलोमीटर वाहते, तिच्यावर दोन देशांना जोडणारे पूल फक्त दोन : एक १९५४ चा, दुसरा २०१३ चा.

जे मार्ग चालू आहेत त्यांचीही स्थिती पाहा. १९३० च्या दशकात बर्लिनहून पोलंडमधल्या आजच्या व्रोत्सवाफला, म्हणजे तेव्हाच्या ब्रेस्लाऊला, डिझेलवर धावणारी जलद गाडी पावणेतीन तासांच्या आत पोहोचायची. आज चार तासांच्या आसपास लागतात. म्युनिक ते प्राग साडेपाच तासांच्या आसपास, कारण जर्मनीच्या बाजूला रेगेन्सबुर्गच्या पुढे सीमेपर्यंत मार्गावर अजून वीज नाही, डिझेल इंजिन जोडावे लागते. न्यूरेंबर्गहून प्रागला तर जर्मन रेल्वेने कित्येक वर्षे स्वतःचीच बस चालवली! उलट उदाहरणही देते, म्हणजे नुसती रडगाणी गाते असे वाटायला नको. म्युनिक-झ्युरिक मार्गाचा असाच बिनविजेचा तुकडा होता. त्यावर तारा घालून डिसेंबर २०२० मध्ये विजेच्या गाड्या सुरू झाल्या आणि त्या कामात स्विस सरकारने जर्मन हद्दीतल्या खर्चासाठी पैसा आगाऊ दिला. शेजाऱ्याच्या हद्दीतल्या तारांसाठी आपली तिजोरी उघडायला लागणारे शहाणपण युरोपीय संघाबाहेरच्या देशाने दाखवावे, याचा तुम्ही विचार करावा असे मला मनापासून वाटते.

स्वित्झर्लंडचा विषय निघालाच आहे तर गोटहार्डबद्दल बोलते. आल्प्सच्या पोटातून ५७ किलोमीटरचा, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा त्यांनी जून २०१६ मध्ये उघडला. त्याच्या उत्तरेची वाट, म्हणजे तोच कार्ल्सरूअ-बाझेल मार्ग, चार पदरी करून देण्याचा करार जर्मनीने १९९६ मध्ये लुगानो इथे केला होता. तीस वर्षे होत आली, काम अपुरे आहे. आता ब्रेनरखाली ५५ किलोमीटरचा बोगदा खणला जातो आहे. ऑस्ट्रिया आणि इटलीने तिथे जे चालवले आहे ते पाहून ऊर भरून येतो. पण बव्हेरियातून त्या बोगद्याकडे जाणाऱ्या नव्या मार्गाचा वाद अजून मिटलेला नाही. डेन्मार्क आणि जर्मनीमधला फेमार्नचा १८ किलोमीटरचा समुद्राखालचा बोगदा होईल तेव्हा त्याच्या जर्मन बाजूचे काय, हीच चिंता. बोगद्याचे भूमिपूजन करायला सगळे येतात. त्याला जोडणारी वाट ही एका देशाची घरगुती बाब ठरते. त्या देशाने वचन पाळले नाही तर शेजाऱ्याने करायचे काय, हे कोणत्याच करारात नसते.

मंत्रिमहोदयहो, प्रत्येक मोठ्या मार्गासाठी युरोपीय समन्वयक नेमलेले आहेत. ते फिरतात, अहवाल लिहितात, विनंत्या करतात. आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही. माझी मुख्य मागणी आहे ती हीच : तो अधिकार त्यांना द्या. सीमेच्या दोन्ही बाजूंचा ठरावीक पट्टा त्यांच्या हाती असू द्या. त्या पट्ट्यात दुरुस्तीसाठी मार्ग केव्हा बंद ठेवायचा, अपघात झाला तर गाड्या कुठून वळवायच्या, सिग्नलची नवी यंत्रणा कोणत्या वर्षी बसवायची, याचा शेवटचा शब्द त्यांचा असावा. २०२१ ते २०२७ साठी वाहतुकीच्या जोडण्यांकरिता संघाने २५.८ अब्ज युरो ठेवले होते. पुढच्या अंदाजपत्रकातला एक हिस्सा फक्त सीमेवरच्या छोट्या तुकड्यांसाठी बाजूला काढा आणि तो समन्वयकाच्या सहीने खर्च होऊ द्या. असे झाले तर एखाद्या पुलाची किंवा वीस किलोमीटर तारांची फाइल दोन राजधान्यांमध्ये टोलवली जाणार नाही. सार्वभौमत्वाचा मुद्दा तुमच्यापैकी काही जण काढतील. विमानांच्या बाबतीत तुम्ही तो कधीच बाजूला ठेवला आहे.

विमानावरून आठवले. विमानाच्या इंधनावर तुमच्या २००३ च्या निर्देशाने कर माफ आहे, तो बदलण्याचा प्रस्ताव २०२१ पासून पडून आहे. रेल्वे मात्र विजेवरही कर भरते आणि प्रत्येक किलोमीटरला रूळ वापरण्याचे भाडेही देते, देश बदलला की भाड्याचा दर बदलतो. पॅरिस-बर्लिन रात्रीची गाडी डिसेंबर २०२३ मध्ये मोठ्या कौतुकाने सुरू झाली. फ्रान्स सरकारने मदत थांबवली आणि ऑस्ट्रियाच्या रेल्वेला ती डिसेंबर २०२५ मध्ये बंद करावी लागली. तो मार्ग चालवायला पुढे आली ती युरोपियन स्लीपर ही सभासदांच्या भांडवलावर उभी राहिलेली सहकारी तत्त्वावरची लहानशी कंपनी. सामान्य माणसे खिशातले पैसे घालून दोन राजधान्या जोडतात आणि दोन सरकारांना ते झेपत नाही, ही गोष्ट मला फार लागते. अशा गाडीला रूळभाड्यात सवलत देणे कायद्याने शक्य आहे. ती सगळ्या देशांनी, एकाच दराने आणि निदान दहा वर्षांच्या हमीने द्यावी. झोपण्याचे डबे कर्ज काढून विकत घ्यावे लागतात. वर्षावर्षाच्या मदतीवर बँक कर्ज देत नाही.

आणखी एक. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली. ऑस्ट्रियाहून येताना पोलीस डब्यात चढतात. माझ्या रंगाच्या माणसाकडे कागद आधी मागितले जातात. मी ते दाखवते, त्याबद्दल इथे काही मागणे नाही. तपासणी करायचीच असेल तर ती चालत्या गाडीत करा, गाडी उभी ठेवून करू नका. पूर्वी स्विस सीमेवर चालत्या गाडीत तपासणी होत असे. एका गाडीला वीस मिनिटे उशीर झाला तर म्युनिकच्या स्टेशनात तिच्या मागच्या पाच गाड्यांच्या जुळण्या मोडतात, आणि मग वर लिहिलेल्या त्या दोन तिकिटांच्या कहाण्या सुरू होतात.

उत्तरादाखल ठरावीक मजकुराचे आभारपत्र मला नको. तीन तारखा कळवाव्यात. गाडी चुकलेल्या प्रवाशाला, तिकिटे कितीही असोत, पुढच्या गाडीत बसवण्याची सक्ती कोणत्या तारखेपासून लागू होईल. कार्ल्सरूअ-बाझेल मार्ग पुन्हा बंद पडला तर गाड्या फ्रान्समधून वळवण्याची पूर्ण तयारी, ड्रायव्हर, इंजिने आणि वेळापत्रकासह, कोणत्या तारखेला झालेली असेल. आणि रेगेन्सबुर्गच्या पुढे प्रागकडे जाणाऱ्या मार्गावर वीज कोणत्या वर्षी येईल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बर्लिनने द्यायचे आहे, पण ते ब्रुसेल्सने मागून घ्यावे.

कळावे,

आपली,
म्युनिकमधील एक रेल्वेप्रवासी